सीलबंद पेटीला कुंकू

कॉटन ग्रीनच्या आमच्या गाळ्यात ती पेटी टेम्पोतून उतरवायला चार हमाल लागले. त्यातल्या एकानं कपाळ पुसत विचारलं, "शेठ, आत काय आहे? फ्रीज?"

मी म्हटलं, "भविष्य."

"मग हळू ठेवायला सांगायचं ना," तो म्हणाला. पेटी त्यानं आधीच धपकन टेकवली होती.

मी हसलो. मला माझ्या हजरजबाबीपणाचं फार कौतुक आहे. माझ्या हातून जे मोठे घोटाळे झाले, त्यांच्या आधी मी असंच काहीतरी चटपटीत बोललेलो असतो. घरच्यांना हे माहीत आहे. मी छान बोलायला लागलो की माझी बायको सावध होते.

आधी धंदा सांगतो. मी आणि माझा मोठा भाऊ रॅलीच्या गाड्या तयार करतो. रॅली म्हणजे गोल मैदानावरची शर्यत नव्हे. घाटातला, रानातला, धुळीचा एखादा रस्ता काही तास बंद करतात, गाड्या एकेक करून सोडतात आणि प्रत्येकीचा वेळ मोजतात. ड्रायव्हरच्या शेजारी नॅव्हिगेटर बसतो आणि वहीतून पुढची वळणं वाचून दाखवतो. गाडी दिसायला शेजाऱ्याच्या गाडीसारखीच, पण आतून सगळी सोलून पुन्हा बांधलेली. बांधणं दादाचं आणि बोलणं माझं, अशी आमची वाटणी आहे. ही वाटणी दादानंच केली, असं मी सांगतो.

दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. बसडेपोत फिटर होता, तिथून निवृत्त झाला. करी रोडच्या चाळीत आमच्या दोघांच्या खोल्या लागून आहेत, मधे एक लाकडी पार्टिशन. इकडे खोकलं की तिकडून पाणी येतं. दादाचं सगळं ज्ञान त्याच्या हातात आणि कानात आहे. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक चालू इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे. मग तो आपल्या मालवणीत सांगणार, "तिसऱ्याचो व्हॉल्व सैल असा." आणि तो असतो. स्टेथोस्कोप लावूनही डॉक्टर इतकं ठाम बोलत नाहीत.

आणि आमची गाडी चालवायची दादाची मुलगी, माझी पुतणी. तिच्या चालवण्याबद्दल मी विनोद करणार नाही. वळणाच्या आतल्या दगडाला आरसा घासून जाईल पण लागणार नाही, इतकं तिचं माप पक्कं आहे. गेले दोन मोसम आमच्या जुन्या पेट्रोलच्या गाडीत ती खालच्या वर्गात वरचे नंबर काढत होती. परळचे एक टायरवाले तिला टायर आणि प्रवेश फी पुरवायचे. त्यांनी शब्द दिला होता, पुढच्या मोसमात तुला सगळ्यात वरच्या वर्गात उतरवतो. तिशी जवळ आली होती. या खेळात पोरग्यांना चार वर्षं गाड्या ठोकायला मिळतात. मुलीला एक मोसम मिळतो, तोही लोक हाताची घडी घालून बघतात. तो तिचा एक मोसम आता येणार होता.

नेमकं त्याच वेळी रॅलीच्या संघटनेनं जाहीर केलं की यापुढे वरचा वर्ग हायब्रिड. म्हणजे पेट्रोलचं इंजिन आहेच, शिवाय मागे ब्रेक मारताना भरणारी एक बॅटरी आणि मोटर. गावातून जाताना गाडी आवाज न करता विजेवर जाणार, आणि शर्यतीत वळणातून निघताना मोटर ढकलणार. परदेशात मोठ्या रॅलीत हे आलंच होतं. दादरच्या एका हॉलमध्ये सगळ्या गाडीवाल्यांना बोलावून पडद्यावर रंगीत चित्रं दाखवली. मी पहिल्या रांगेत बसलो होतो. समोसा चांगला होता. पडद्यावर लिहिलं होतं की पुढची पाच वर्षं नियम हेच राहतील. मागच्या रांगेतून कोणीतरी विचारलं, "आणि नाही राहिले तर?" सगळे हसले. मी जरा जास्तच मोठ्यानं हसलो. आता वाटतं, त्या हॉलमध्ये डोक्यानं विचार करणारा तो एकच माणूस होता.

घरी येऊन गॅलरीत खुर्ची टाकली आणि बोलायला सुरुवात केली. जुनी गाडी विकू. दादाच्या फंडातले थोडे घालू. बॅटरी-मोटरची सीलबंद पेटी कंपनी भाड्यानं देते, डिपॉझिट भरायचं. नवीन गाडीचा सांगाडा घेऊ.

दादा म्हणाला, "आपली गाडी चलता मां?"

"चालते रे. पण वरच्या वर्गात तिला प्रवेश नाही."

"मग खालच्या वर्गात धावूंदे."

"अजून किती वर्षं खालच्या वर्गात, दादा?"

पुतणी कठड्याला टेकून ऐकत होती. तिनं मला एकच विचारलं, "काका, तुमची खात्री आहे?"

"शंभर टक्के," मी म्हटलं.

मला त्या वेळी हायब्रिड गाडीचं बॉनेटसुद्धा उघडता आलं नसतं. पण ते शंभर टक्के इतक्या सफाईनं तोंडातून निघाले की मलाच धीर आला. पंधरा दिवसांत जुनी गाडी एका ट्रेलरवर चढून दक्षिणेला गेली. पुतणी तिला सोडायला गाळ्यात आली नाही. आपल्याला ऑफिस आहे म्हणाली. त्या दिवशी रविवार होता.

मग ती पेटी आली.

तिच्याबरोबर कंपनीचा एक तरुण इंजिनियर पुण्याहून आला. फार नम्र. त्यानं आम्हाला दोन दिवस शिकवलं, आणि शिकवण्यातलं मुख्य म्हणजे काय करायचं नाही. पेटीच्या झाकणावर नंबर असलेलं चांदीच्या रंगाचं सील होतं. ते तोडायचं नाही. तोडलं की डिपॉझिट गेलं, आणि त्या मोसमात दुसरी पेटी मिळणार नाही. डॅशबोर्डवर एक दिवा. हिरवा असेल तर सगळं ठीक. लाल झाला तर गाडीला हात लावायचा नाही, आणि आत जो बसलेला असेल त्यानं दोन्ही पाय जुळवून बाहेर उडी मारायची. एक पाय गाडीत आणि एक जमिनीवर अशा अवस्थेत राहायचं नाही, शॉक बसू शकतो. ही उडी आम्हाला प्रत्यक्ष मारायला लावली. दादानं मारली नाही. मी मारली, आणि गुडघ्यावर पडलो. शेजारच्या धान्याच्या गोदामातले लोक बघायला जमले होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

आमचा नॅव्हिगेटर गिरगावच्या खोताच्या वाडीतला ख्रिश्चन. दिवसा विम्याच्या ऑफिसात बसतो, सुट्टीत वळणं वाचतो. तो पेटीभोवती एक चक्कर मारून म्हणाला, "काय मॅन, बिशपची अंगठी आहे काय ही? वाकून मुका घ्यायचा फक्त?"

दादानं लांब स्क्रू ड्रायव्हर काढला आणि इंजिनियरकडे बघितलं. इंजिनियर म्हणाला, "बाहेरून टेकवायला हरकत नाही, सर." दादानं टेकवला, मूठ कानाला लावली, डोळे मिटले. बराच वेळ तसाच उभा राहिला. मग स्क्रू ड्रायव्हर पुसून जागेवर ठेवला.

मी विचारलं, "काय म्हणतेय?"

"गप असा," दादा म्हणाला. त्यानंतर त्यानं त्या पेटीला कान लावला नाही.

पनवेलच्या पुढे एका बंद खाणीत आम्ही गाडी चालवून बघायचो. पेटीचं वजन म्हणजे मागच्या सीटवर एक खाऊनपिऊन सुखी माणूस कायमचा बसवल्यासारखं. गाडीचं ढुंगण प्रत्येक वळणात बाहेर जायचं. पुतणी चार फेऱ्या मारून आली, हेल्मेट काढलं, आणि बराच वेळ पाणी पीत राहिली.

"कशी आहे?" मी विचारलं.

"काका, ब्रेक मारला की ही गाडी आधी विचार करते."

"म्हणजे?"

"थांबायचं, का बॅटरी भरून घ्यायची. तिचा विचार होईपर्यंत मी वळणात शिरलेली असते."

"सवय होईल."

"सवय करायला किती दिवस आहेत?"

होते सहा आठवडे. त्यातले निम्मे दिवस दिवा लाल असायचा. कधी सकाळी हिरवा, चहा पिऊन येईपर्यंत लाल. फोन केला की कंपनी म्हणायची, सॉफ्टवेअर बदलतोय. एकदा पुतणी गाडी घेऊन खाणीतल्या चिखलात असताना दिवा लाल झाला. तिला दोन्ही पाय जुळवून चिखलात उडी मारावी लागली, आणि मग आम्ही चौघं गाडीपासून दहा हात लांब, भर उन्हात, दिवा हिरवा व्हायची वाट बघत अडीच तास उभे होतो. आयुष्यभर हात काळे करणारी माणसं आम्ही. समोर आपलीच गाडी, आणि शिवायची बंदी. दादा खिशात हात घालून उभा होता. खिशात हात घातलेला दादा मी त्याआधी कधी बघितला नव्हता.

शिवाय परिपत्रकं. पहिल्या परिपत्रकात मोटर प्रत्येक टप्प्यात तीनदा वापरायची परवानगी होती. दुसऱ्यात एकदाच. मग गाडीचं कमीत कमी वजन बदललं, म्हणून आम्ही जे कापलं होतं ते परत जोडलं. चौथ्यात लिहिलं होतं की हायब्रिड वर्गाचे नियम विचाराधीन आहेत. मी ती सगळी छापून गाळ्यात तारेला टोचून ठेवायचो. नॅव्हिगेटर म्हणाला, "मॅन, कॅन्सल झालं तर?" मी त्याला ओरडलो. टायरवाल्यांचा दर आठवड्याला फोन यायचा. "गाडी तयार आहे ना? मला दुसरा एक मुलगा विचारतोय." मी म्हणायचो, एकदम तयार. पुतणी समोर असेल तर ती माझ्याकडे बघायची नाही. रात्री पार्टिशनपलीकडून वहीची पानं उलटल्याचा आवाज यायचा. जिथे रॅली होणार होती तिथली वळणं ती पाठ करत होती.

मग आला दसरा. रॅली त्यानंतर दहा दिवसांनी.

आमच्या घरची एक रीत आहे. आमचे वडील गिरणीत साचे दुरुस्त करायचे. साचा म्हणजे कापड विणायचं यंत्र. ते सांगायचे, दसऱ्याला यंत्राचं पोट उघडायचं, आत पुसायचं, आतल्या लोखंडाला कुंकू लावायचं आणि मग झाकायचं. बाहेरून बोट टेकवून काय उपयोग? माणसाला ताप आला तर शर्टाला औषध चोळतात का? गिरणी गेली, वडील गेले, रीत गाळ्यात आली. दर दसऱ्याला आम्ही कॉम्प्रेसर उघडतो, ड्रिल उघडतो, वेल्डिंगचं मशीन उघडतो, इंजिनाचं वरचं झाकण काढतो. आत एक ठिपका. वर्षभरानं उघडलं की तेलात काळा पडलेला गेल्या वर्षीचा ठिपका दिसतो. त्याच्या शेजारी नवा लावायचा.

त्या दिवशी सकाळी दादानं सगळी यंत्रं केली. मग करंडा हातात घेऊन गाडीच्या मागे आला आणि पेटीसमोर थांबला. बोट कुंकवात बुडवलेलं. सीलकडे बघितलं, दिव्याकडे बघितलं. दिवा हिरवा होता, चार दिवस सलग हिरवा होता. दादानं बोट जुन्या धोतराच्या फडक्याला पुसलं.

"बंद पेटयेक कुंकू लावतत काय रे?" तो म्हणाला. मला विचारत होता असं नाही.

"वरून लाव ना."

"वरसून लावक मी काय पुढारी आसंय?"

मग तो पिशवी घेऊन दादरला झेंडू आणायला गेला. जाताना पाय ओढत होता. गाळ्यात मी, ती गाडी आणि ती पेटी.

आता मी जे केलं त्याला मी बरीच कारणं तयार ठेवली आहेत. दादाचा चेहरा हे एक. ते खरं आहे. दुसरं, मलाही भीती वाटत होती. या गाडीत आमच्या पद्धतीनं केलेलं एकही काम नव्हतं. तिचं काही बिघडलं तर का बिघडलं ते आम्हाला कळणार नव्हतं, आणि दहा दिवसांनी माझी पुतणी तिच्यात बसून दरीच्या कडेनं जाणार होती. देवाला एकदा आत बघू द्यावं असं मला वाटलं. आणि तिसरं कारण, जे मी शेवटी सांगतोय कारण ते सगळ्यात खरं आहे: मला स्वतःला आत बघायचं होतं. चाळीस वर्षं मी बंद वस्तू उघडत आलोय. हे एक झाकण मला महिनाभर खात होतं.

बायकोचा केस वाळवायचा ड्रायर मी आठवडाभर आधीच पिशवीत आणून ठेवला होता. यावरून कारणांचा क्रम तुम्ही लावा.

गरम हवेनं सील इतकं अलगद सुटलं की मला स्वतःचा अभिमान वाटला. रबरी हातमोजे घातले. चार बोल्ट काढले. झाकण उचललं. आत दुसरं झाकण होतं, त्यावर विजेचं चिन्ह. त्याला मी हात लावला नाही. इतका मूर्ख मी नाही, असं मला त्या वेळी वाटलं. काठाला एक मोकळी धातूची पट्टी होती. तिथे करंगळीनं एक ठिपका लावला. हात जोडले. म्हटलं, पोरीला सांभाळ. झाकण बसवलं, बोल्ट आवळले, सील चिकटवलं, नखानं सगळीकडून दाबलं. नजर लागावी असं चिकटलं होतं.

मग डॅशबोर्डकडे बघितलं. दिवा लाल होता.

झाकणाच्या आत एक बारीक बटण होतं. फ्रीजचं दार उघडलं की दिवा लागतो ना, तसलं. झाकण उघडलं की पेटीला कळायचं, आणि ती ते कायमचं लिहून ठेवायची. हे मला नंतर कळलं. त्या क्षणी मी फक्त दोन पाय जुळवून मागे उडी मारली, रिकाम्या गाळ्यात, एकटाच.

दादा झेंडू घेऊन आला. "परत लाल?" म्हणाला.

"परत लाल," मी म्हणालो.

दोन दिवस झाले, दिवा हलला नाही. कंपनी म्हणाली, माणूस पाठवतो. पण असा माणूस त्यांच्याकडे एकच, आणि तो दुसऱ्या एका गाडीपाशी अडकलेला. तो आला सहाव्या दिवशी दुपारी. त्यानं लॅपटॉप जोडला, वाचलं, आणि आमच्याकडे न बघता सीलवर बोट फिरवलं. मग हातमोजे चढवून झाकण काढलं.

"हे काय आहे?" त्यानं विचारलं.

गाळ्यात आम्ही चौघं होतो. दादानं मान पुढे काढून बघितलं. तो ठिपका बघताना त्याचा चेहरा मी बघितला. एक क्षण, शपथेवर सांगतो, तो खूश झाला होता.

"कुंकू," दादा म्हणाला.

"आत कसं आलं?"

माझ्या घशात वाक्य आलं होतं. मला वाटतं आलं होतं. दादानं एकदा माझ्याकडे बघितलं. करारावर सही माझी, गाड्या तयार करायचा परवाना माझ्या नावावर. मी उघडली म्हटलं असतं तर परवानाही गेला असता. हे दादाला माहीत होतं.

"मी उघडली," दादा म्हणाला. "आमची दसऱ्याची रीत आहे."

इंजिनियर बिचारा घाम पुसत होता. "सर, हे न कळवणं माझ्या हातात नाही. पेटीनं आधीच कळवलंय."

पुतणी कोपऱ्यात टायरवर बसली होती. ती उठली, बापासमोर आली आणि तिथूनच वळली. बाहेर गेली. मी तिथेच उभा होतो. माझं वाक्य घशातून परत खाली गेलं आणि तिथेच राहिलं.

त्या संध्याकाळी पार्टिशनपलीकडे ती बोलली. "तुमच्या एका ठिपक्यापायी, बाबा. एका ठिपक्यापायी माझं वर्ष गेलं. मी पुढे जायला नको होतं का तुम्हाला? आवडलीच नव्हती ती गाडी तुम्हाला, पहिल्या दिवसापासून." दादाचा आवाज आला नाही. माझ्यासमोर ताट होतं. बायको माझ्याकडे बघत होती. ड्रायर जागेवर परत आलेला तिनं पाहिला होता. ती म्हणाली, "जा आणि सांगा." मी म्हटलं, "आत्ता ती रागात आहे." बायको उठून आत गेली.

पेटी गेली. या वेळी हमालांनी ती हळू उचलली. डिपॉझिट बुडालं, आणि देणी फेडायला नव्या गाडीचा सांगाडाही इंजिनासकट विकावा लागला. टायरवाल्यांनी त्या दुसऱ्या मुलाला उतरवलं. नॅव्हिगेटर मला भेटायला आला आणि जरा अवघडून म्हणाला, "मॅन, त्यांनी मला विचारलंय. मी काय करू?" मी म्हटलं, जा. पुतणी वह्या बांधून माळ्यावर टाकून दादरच्या एका मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये शिकवायला लागली. ऑफिस तिनं मोसमासाठी आधीच सोडलं होतं. बापाशी ती कामापुरतंही बोलत नव्हती. मीठ हवं असेल तर आईला सांगायची. दादा गाळ्यात येऊन बसायचा, तोच पाना पुसायचा. त्यानं मला एकदाही काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. मी रोज ठरवायचो, उद्या सांगू.

दीड महिन्यानं परिपत्रक आलं, अर्ध्या पानाचं. खर्च आणि अडचणी लक्षात घेऊन हायब्रिड वर्ग रद्द करण्यात येत आहे. वरचा वर्ग पुन्हा पेट्रोलचा. परदेशातही तेच झालं म्हणे. दादानं चष्मा लावून ते दोनदा वाचलं, घडी घातली आणि खिशात ठेवली. आमच्याकडे पेट्रोलची गाडी नव्हती. गाळ्याच्या मधोमध तेलाचे डाग होते आणि गाडी उभी राहायची ती मोकळी जागा.

दुसऱ्या दिवशी मी दादरला गेलो. ट्रेनिंग स्कूलची गाडी कोपऱ्यावर उभी होती, स्टिअरिंगवर पन्नाशीच्या एक बाई, शेजारी पुतणी. मी मागचं दार उघडून आत बसलो. विचार असा होता की शिकवण्याच्या वेळात ती उठून जाऊ शकणार नाही. माझं शहाणपण हे असलं.

"काका, तास चालू आहे," ती म्हणाली.

"चालू दे. मी बसतो."

बाईंनी आरशातून मला नमस्कार केला. गाडी तीन हिसके देऊन निघाली.

"ती पेटी मी उघडली होती," मी म्हणालो.

"सेकंड टाका," पुतणी म्हणाली. बाईंना.

बाईंनी सेकंड टाकायचा प्रयत्न केला. गिअर किंचाळला.

"दादानं नाही. तो झेंडू आणायला गेला होता. मी ड्रायरनं सील सोडवलं."

"क्लच पूर्ण दाबा. पूर्ण. आता आरशात बघा."

"परवाना माझ्या नावावर होता म्हणून तो बोलला. आणि मी गप्प बसलो."

गाडी जागच्या जागी थांबली. मागून हॉर्न वाजले. बाई घाबरून म्हणाल्या, "अगंबाई, मी काय केलं?"

"तुम्ही नाही. माझ्या बाजूलाही ब्रेक असतो." तिनं मागे वळून बघितलं नाही. आरशात फक्त तिचं कपाळ दिसत होतं. "काका, कधी सांगणार होतात?"

"आत्ताच सांगतोय ना."

"आत्ता. वर्गच रद्द झाल्यावर. काही उरलं नाही तेव्हा."

"उरलं नाही कसं, अजून पुढच्या वर्षी..."

"टायरवाल्यांनी त्या मुलाला तीन वर्षांसाठी घेतलंय. पुढच्या वर्षी मला कोण गाडी देणार आहे? तुम्ही?"

मी काचेचं हँडल उगाच फिरवलं.

"मी बाबांना काय काय बोलले. तुम्ही पलीकडे जेवत बसला होतात. भांड्यांचा आवाज येत होता मला."

"हो."

बाईंनी हळूच विचारलं, "मी इंजिन बंद करू का?"

"नको, असू दे," ती म्हणाली. मग मला, अगदी साध्या आवाजात, "तुम्ही उघडली म्हणून मला काही वाटत नाही, काका. मीसुद्धा एखाद्या दिवशी उघडली असती. उतरा आता. यांचा तास वाया जातोय."

मी उतरलो. दार नीट लागलं नाही म्हणून ती पुढच्या सीटवरून मागे वाकली आणि ते आतून ओढून घेतलं. तेव्हा तिचा चेहरा दिसला. माझ्याकडे तिचं लक्ष नव्हतं; ती दाराची कडी बघत होती. गाडी हिसके देत निघाली आणि पुढच्या सिग्नलला बंद पडली. बाई चालू करत होत्या, ती परत बंद पडत होती. फूटपाथवरून धावत गेलो असतो तर मी सहज पोचलो असतो, एवढंच अंतर होतं. मी उभा राहिलो. सिग्नल दोनदा सुटला, मग ती गाडी उजवीकडे वळली.